आजीच्या लुगड्यांचा बाळंतविडा

पुण्यात नोकरी करणाऱ्या एका मुलीने विचारलं आहे: "मावशी, ताईचं पहिलं बाळंतपण आमच्याकडे लातूरला आहे. एप्रिलच्या शेवटची तारीख दिली आहे. आजी, म्हणजे आईची आई, दोन वर्षांपूर्वी गेली. तिची तीन लुगडी पेटीत आहेत, दोन इरकली आणि एक साधं सुती. त्यांची गोधडी शिवावी आणि सगळा बाळंतविडाच हाताने करून ताईला द्यावा असं मनात आहे. मला बटण लावण्यापलीकडे शिवण येत नाही. आई म्हणते, जुन्याचं दिलं तर ताईच्या सासरचे अंबाजोगाईचे लोक नाव ठेवतील, त्यापेक्षा चांगला सेट विकत आण. अडीच महिने हातात आहेत. जमेल का, आणि करावं का?"

कर. अडीच महिन्यांत जमेल. पण तुझ्या डोळ्यांसमोर जी मोठी गोधडी आहे ती आत्ता शिवू नकोस, आणि सगळा बाळंतविडा एकटीच्या अंगावर घेऊ नकोस. एक दुपटं, दोन झबली, एक टोपरं. एवढंच तुझ्या हातचं असू दे.

मी औशात राहते. वाकळा, म्हणजे गोधड्याच, शिवायला लागले त्याला तीस वर्षं होऊन गेली. आता बचत गटाच्या बायांना आणि सुट्टीत येणाऱ्या पोरींना शिकवते. लेकीसाठी, भाचीसाठी, नातवासाठी काही करायचं म्हणून येणारी प्रत्येक जण आधी मोठीच गोधडी मागते. प्रेम मोठं असलं की माप मोठं वाटतं. मग ती गोधडी अर्धी होते, तोवर बारसं होऊन जातं, आणि ती घडी घालून कपाटावर जाते. अशा अर्ध्या वाकळा मी पुष्कळ पाहिल्या आहेत.

हिशेब मांडून दाखवते. मोठी वाकळ साधारण 5 फूट बाय 7 फूट. बोटभर अंतरावर धावदोरा घालायचा, इंचभर धरू. म्हणजे 60 ओळी, प्रत्येक 7 फुटांची. 420 फूट शिवण झाली. बाळाचं दुपटं 30 इंच बाय 40 इंच. 30 ओळी, प्रत्येक 40 इंचांची, म्हणजे 100 फूट. नवख्या हाताला 40 इंचांची एक ओळ घालायला पाव तास लागतो. तेव्हा नुसत्या ओळींचे साडेसात तास, आणि कापड बेतणं, कच्चा दोरा, कडा दुमडणं धरून बारा-तेरा तास. तुझे चार-पाच रविवार. वाकळीला याच्या चौपट, आणि तिचे पदर, म्हणजे कापडाचे थर, जास्त म्हणून हातही दुखतो.

दुसरं, ऋतू बघ. एप्रिलच्या शेवटी लातूरचा पारा चाळिशी ओलांडून गेलेला असतो, रात्री स्लॅब निवत नाही. चार-पाच पदरी वाकळ त्या लेकराच्या अंगाखाली घातली तर पाठीला घामोळं उठेल. अंगावर तर नकोच. पहिलं वर्षभर बाळाच्या अंगावर जड, सैल पांघरूण टाकू नका असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, कारण झोपेत ते तोंडावर आलं तर लेकराला बाजूला सारता येत नाही. दुपटं खाली अंथरायला आणि मांडीवर घ्यायला. ते तीन पदरांचं असावं, हलकं, हाताला घडी मऊ लागेल असं. कुंचीही आत्ता नको. तिचे दिवस दिवाळीनंतर.

आता पेटी उघडू.

नऊवारी म्हणजे नऊ वार, सव्वाआठ मीटर. पण म्हाताऱ्या बाईने रोज नेसलेल्या लुगड्यातलं निम्मंच कापड कामाचं निघतं. काष्ट्याचा भाग आणि बसायच्या जागेचा भाग विरलेला असतो. पेटीत वर्षानुवर्षं एकाच घडीवर राहिलेलं लुगडं त्या घडीच्या रेघेवरही विरतं, वरून अख्खं दिसत असलं तरी. म्हणून लुगडं अंगणात दोरीवर पसर, ऊन पलीकडून येईल असं बघ. जिथं ऊन गाळणीतून आल्यासारखं दिसतं तिथं खडूने खूण कर. मग दोन्ही अंगठ्यांमध्ये कापड धरून ताण. चर्र आवाज आला तर तो तुकडा बाजूला. मन घट्ट करावं लागतं, कारण नेमका ओळखीच्या नक्षीचा तुकडाच विरलेला निघतो. तो दुपट्यात घातलास तर दुसऱ्या धुण्याला भोक पडेल आणि ताईला वाईट वाटेल.

पेटीत डांबराच्या गोळ्या असतील तर हे नीट वाच. तो वास नवजात बाळाला खरोखर घातक असतो. काही बाळांच्या रक्तात एक घटक जन्मतः कमी असतो. अशा बाळाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्या गोळ्यांच्या वाफेने फुटतात आणि कावीळ वाढते. आपलं बाळ त्यातलं आहे की नाही हे जन्मायच्या आधी कुणाला कळतं? तेव्हा लुगडी चार-पाच दिवस कडक उन्हात घाल, साबणाच्या गरम पाण्यात दोनदा धू, परत ऊन दे. नाकाशी धरून अजिबात वास येत नाही तोवर कात्री लावायची नाही. पुढे हे कपडे ठेवतानाही गोळ्या नकोत. वाळलेला कडुलिंबाचा पाला फडक्यात बांधून ठेवायची आपली जुनी रीत चांगली आहे.

इरकलीचं एक वेगळं सांगायचं आहे. तिचं अंग आणि पदर यांचे उभे धागे वेगळे असतात. मागावर ते फासात फास अडकवून जोडलेले असतात, त्या जोडावर बोट फिरवलंस तर बारीक उंचवटा लागेल. जुन्या लुगड्यात हा जोड सगळ्यांत आधी सुटतो. पदर रेशमाचा किंवा नकली रेशमाचा, बहुतेक लाल, आणि अंग सुती. म्हणजे दोन स्वभावांची दोन कापडं एका लुगड्यात. धुतल्यावर ती सारखी वागत नाहीत. म्हणून पदर आधीच वेगळा काढ. काठही उसवून घे, तो बाळाच्या कातडीला खरबरीत लागतो.

माझ्या हातून पहिली मोठी चूक झाली ती या लाल पदरातच. नणंदेला मुलगी झाली तेव्हा मी दुपटं शिवलं. आत सासऱ्यांचं पांढरं धोतर, वर पदराची लाल पट्टी. दिसायला फार सुरेख झालं होतं. बारशाला सगळ्या बायांनी हातात घेऊन बघितलं. तासाभराने लेकराने ओलं केलं, आणि नणंदेच्या सासूबाईंनी तिला उचललं तर पाठ, कुल्ले, सगळं लाल. त्यांना वाटलं रक्त. त्या मटकन खालीच बसल्या. रंग आहे हे कळून पाणी आणेपर्यंत घरात जो कल्लोळ झाला तो मी आजही विसरलेले नाही. दुपटं मी त्याच संध्याकाळी परत घेतलं. तेव्हापासून कुठलंही रंगीत कापड असो, वर्षानुवर्षं धुतलेलं असो, मी कोमट पाण्यात भिजवलेला पांढरा फडका त्यावर पाच मिनिटं दाबून ठेवते आणि मग चोळते. फडक्यावर डाग आला तर ते कापड बाळासाठी नाही. मिठाच्या पाण्याने रंग पक्का होतो या भरवशावर राहू नकोस.

नवं कापड वापरणार असशील, वरच्या पदराला मलमल घेतलीस तर उत्तम, तर तेही आधी धू. कोऱ्या सुती कापडाला खळ असते आणि ते आटतं. न धुता शिवलंस तर पहिल्या धुण्यात वरचा पदर आखडेल, आतलं जुनं कापड आखडणार नाही, आणि दुपट्याला सगळीकडे चुण्या पडतील.

आता शिवण. पहिल्यांदा फरशी पुसून कोरडी कर. खालचा पदर पसर, हाताने मधून कडेकडे निपटत जा. त्यावर मधला थर आजीच्या लुगड्याचा, त्यावर वरचा. कोपऱ्यांवर तांब्या, वरवंटा, जे जड असेल ते ठेव. मग मोठ्या मोठ्या टाक्यांनी कच्चा दोरा घाल, आधी मधोमध उभा-आडवा, नंतर वीतभर अंतरावर. पहिल्यांदा शिवणाऱ्या पोरी हा कच्चा दोरा टाळतात आणि नंतर रडतात. जुन्या बाया कडेने सुरू करून गोल गोल आत येतात. त्यांचे हात कापड ताणत शिवायला सरावलेले. आपण तसं केलं तर मध्यभागी फुगा येतो. तू मधून सुरू कर. पहिली ओळ बरोबर मध्ये, मग एक उजवीकडे, एक डावीकडे.

सुई बारीक घे. दाभण वाकळीला ठीक आहे, पण तीन पदरांच्या मऊ कापडाला त्याने भोकं पडतात. दोरा सुती, पांढरा किंवा कापडाच्या रंगाचा, रंग न जाणारा, आणि एका वेळी हात-दीड हातच. लांब घेतला की वेळ वाचतो असं वाटतं, पण गुंता सोडवण्यात दुप्पट जातो. टाका ज्वारीच्या दाण्याएवढा, मधली जागाही तेवढीच. डाव्या हाताचं मधलं बोट कापडाखाली ठेव. सुईचं टोक त्या बोटाला जरा टोचलं की समज, तिन्ही पदर घेतले गेले. एका दमात चार-पाच टाके सुईवर घे आणि मग दोरा ओढ, पण शेवटपर्यंत खेचू नकोस. ओळ पुरी झाली की त्यावरून अंगठा दाबून फिरव, या टोकापासून त्या टोकापर्यंत. चुरमडलेलं कापड मोकळं होतं आणि दोरा हवा तेवढाच आत राहतो. हे अंगठा फिरवणं सासूबाईंनी मला शिकवलं. त्या बोलायच्या कमी. माझी ओळ आखडली की माझा अंगठा धरून त्या स्वतः फिरवायच्या.

गाठी वर ठेवू नकोस. गाठ मारून दोरा हलका झटका देऊन पदरांच्या आत ओढून घे. आणि टाका मोठा होऊ देऊ नकोस, यामागे नुसतं देखणेपण नाही. सैल दोऱ्यात बाळाच्या पायाचं बोट अडकतं, पीळ बसतो आणि रक्त थांबतं. बाळ रडत राहतं आणि मोज्यात, दुपट्यात दडलेलं ते बोट कुणाला दिसत नाही. दर धुण्यानंतर दुपट्यावरून हात फिरवून सुटलेला दोरा कापायचा, हे ताईला नक्की सांग.

पहिल्या दोन ओळी वाकड्या येतील. उसवू नकोस. जुनं कापड दोन वेळा सुई झेलतं, तिसऱ्यांदा विरतं.

झबली त्या साध्या सुती लुगड्यातून काढ. ते बहुतेक सगळ्यात मऊ असेल. घरातलं एखादं अंगाला बरोबर बसणारं झबलं खाली ठेवून त्याच्याभोवती दोन बोटं जागा सोडून काप. शिवण बाहेरच्या बाजूला येऊ दे, आत नको. दिसायला उलटं वाटेल, पण पहिले पंधरा दिवस बाळाच्या काखेत आणि मानेशी ती शिवण टोचते. बटण नको, बंद लाव, पाच-सहा इंचांपेक्षा लांब नको आणि गळ्याशी तर मुळीच नको, बगलेखाली. टोपऱ्याला बंद लावूच नकोस, नुसती मऊ टोपी कर, आणि तीही बाहेर नेताना. टिकल्या, मणी, जर, भिंगं काही नको. आपल्याकडे तांड्यावरच्या बाया कवड्या आणि भिंगांचं जे काम करतात त्यावर माझा फार जीव आहे. ते तू बाळाचे कपडे ठेवायच्या पिशवीवर करून घे.

बाळंतविड्यातलं बाकीचं? खोबरं, खारीक, डिंक, हळीव, बाळंतशेपा, ओवा. हे आईचं खातं आहे, तिला करू दे. डिंकाचे लाडू मावशी, मामी कुणी करत असेल तर तिला मागून घे. लोकांना आपल्याकडून काही मागितलं की बरं वाटतं, विशेषतः ज्या बाईला घरात आता कुणी काही विचारत नाही तिला. आणि पुरुषांनाही सोडू नकोस. आमच्याकडे पाळण्याची दोरी आजोबा वळायचे. अंबाडीचा वाख भिजवून, बडवून, मांडीवर पीळ देत. बाज विणणं, दावी वळणं, पोळ्याला बैलांचा साज करणं, हे सगळं पुरुषांच्या हातचं होतं आणि तेही घरातल्यांसाठीच होतं. पुढे हातचं म्हणजे बायांचं असं कसं झालं कुणास ठाऊक. तुझे दाजी शिवणार नाहीत कदाचित, पण कपडे ठेवायला लाकडी खोकं घासून, गुळगुळीत करून देतील. त्यांना विचार तर खरं.

आईच्या धास्तीबद्दल सांगते. नाव ठेवतील, हे ती उगीच म्हणत नाही. लेकीच्या सासरी काय गेलं याचा हिशेब आपल्याकडे होतो, आणि तो लेकीला ऐकावा लागतो. रुखवताचं काय झालं ते आपण बघतोच आहोत. माझ्या लग्नात रुखवतात मी विणलेली तोरणं, रुमाल, बहिणीने भरलेली उशी, आत्याच्या हातच्या शेवया, कुरडया होत्या. शेवया-कुरडया वर्षभर खाल्ल्या, उशीवर माझी मुलं झोपली. आता मांडवात टेबलावर मांडायला सगळं तयार आणतात, दुसऱ्या दिवशी ते माळ्यावर जातं, आणि त्याचं कर्ज मात्र बापाच्या डोक्यावर राहतं. हाताने केलेल्या गोष्टीला देण्या-घेण्याच्या तराजूत घातलं की ती हरतेच. म्हणून तिला त्या तराजूत घालू नये, आणि त्यासाठी एक उपाय मला ठाऊक आहे.

आईला सांग, अंबाजोगाईला विहीणबाईंना फोन करून त्यांचं एक जुनं सुती पातळ मागून घ्यायचं. हा फोन तू करू नकोस, ताईनेही नाही. विहिणीने विहिणीला करायचा: "आमची पोरगी दुपटं शिवते आहे, आमच्या आईचं लुगडं घेतलंय, तुमचंही एक पातळ द्या, दोन्ही घरचं असू दे." मधला पदर आजीचा, खालचा त्यांचा, वरचा नवा मलमलीचा. ज्या घरचं कापड दुपट्यात आहे ते घर त्याला नाव कसं ठेवणार? मी हे सात-आठ घरांत करवलं आहे. एका घरी तर सासूबाईंनी पातळाबरोबर त्यांच्या स्वतःच्या सासूबाईंची चोळी धाडली, तीही जोडून दे म्हणाल्या. आणि समज, त्यांच्याकडे गेलेल्या माणसाचं कापड बाळाला घालत नाहीत अशी रीत असेल, काही घरांत असते, तर या फोनवर ते आधीच कळेल. मग आजीचं लुगडं बाजूला ठेवून आईचं एखादं पातळ घे. वाद घालू नकोस. ज्या घरात लेकरू वाढणार त्या घराच्या मनाला लागेल असं काही त्याच्या अंथरुणात नको.

जुन्याचं म्हणून कमीपणा मात्र आईने अजिबात मानू नये. आपल्याकडे जन्मल्यावर लेकराला पहिल्यांदा जुनंच गुंडाळतात, नवं बारशाला घालतात. बाळुती तर जुन्या लुगड्यांचीच. आणि गंगाखेडच्या जनाबाईची गोष्ट आईला ठाऊक असेलच. देव रात्रभर जनीबरोबर दळत बसला, उजाडायला आलं तशी घाई झाली, अंगावरचा शेला तिथंच राहिला आणि तो तिची वाकळ पांघरून देवळात गेला. पुढे पदकाच्या चोरीचा आळ, सूळ, हे सगळं आहे, पण माझी आई ही गोष्ट वाकळीपाशी थांबवायची. म्हणायची, बघ, अंधारात देवाच्या हातालासुद्धा शेला कुठला नि वाकळ कुठली ते कळलं नाही. जात्यावर बसून बसून ती त्याच्या सवयीची झालेली.

बाळ यायच्या आधी त्याच्यासाठी शिवू नये असंही कुणी म्हणेल. आमच्या घरी त्यावर तोड आहे: दुपट्याची शेवटची ओळ मोकळी ठेवायची. सुई त्यात तशीच टोचून ठेवत नाहीत, बाळाच्या कापडात सुई विसरणं फार वाईट, पण तेवढी जागा सोडायची. लेकरू झालं, बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत असं कळलं की ती ओळ घालायची. पाचवीच्या पूजेच्या दिवशी घातली तरी चालते. तू तेव्हा पुण्यात असशील तर आईने घालावी.

धुण्याचं सांगितलं नाही अजून. 2016 चा एप्रिल तुला आठवत असेल, मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं होतं. त्या उन्हाळ्यात माझ्याकडच्या बाया एकच सांगायच्या: वाकळ धुता येत नाही, आणि धुता येत नाही म्हणून लेकराला घालता येत नाही. घट बसायच्या आधी घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं धुवायची आपली रीत, पण जड वाकळीला हौदभर पाणी लागतं आणि ओली झाली की दोघींनी पिळावी लागते. त्या वर्षापासून मी देण्यासाठी जड शिवणं सोडलं. तीन पदरांचं दुपटं एका बादलीत धुऊन होतं, आपल्या उन्हात तास-दीड तासात वाळतं. बाळाचं ते दिवसाला दोनदा धुवावं लागणार. जे धुवायला अवघड ते बाळंतिणीच्या खोलीत वापरलं जात नाही, कितीही जीव ओतून केलेलं असू दे. ताईलाही सांग, जपून ठेवू नकोस, वापर. विरलं तर विरलं. विरलेलं फडकं म्हणूनही उपयोगी पडतं.

वेळापत्रकात एक अडचण तुझ्या लक्षात आली नसेल. यंदा 2026 ला 17 मे ते 15 जून धोंड्याचा महिना आहे, अधिक ज्येष्ठ. अधिक महिना साधारण 32-33 महिन्यांनी येतो, म्हणून जावयाला 33 अनारसे द्यायचे. बारसं होऊन आठवडा-दोन आठवडे होत नाहीत तोच आईच्या मागे दाजींचे अनारसे लागणार. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, सावलीत सुकवायचे, कुटायचे, गुळात मळून पीठ मुरवायचं. तेही घरच्या हातचंच देणं आहे आणि ते काही हलकं काम नाही. आणि आई तेव्हा बाळंतिणीचं करत असणार. म्हणून दुपट्याचं काम, ती शेवटची ओळ सोडून, मार्चअखेर संपव, आणि मेमध्ये एक रविवार अनारसे थापायला ये. थापताना खसखस खालच्या बाजूला, तळताना वर, उलटायचा नाही. आई शिकवेल.

मोठी गोधडी लेकरू तीन-चार वर्षांचं झाल्यावर शिव. तोवर तुझा हातही बसेल आणि त्याची बारीक झालेली झबलीही तीत घालता येतील.

राहिलं तिसरं लुगडं. दुपट्याला आणि झबल्यांना एक इरकल आणि ते साधं सुती पुरून उरतं. तुझ्या पत्रातून मला वाटतं, आई सासरचं नाव पुढे करते आहे, पण आईच्या लुगड्याला कात्री लागायची म्हणून तिचा जीव तुटत असणार. दोनच तर वर्षं झालीत. तेव्हा पेटी तू एकटीने उघडू नकोस. शनिवारी घरी जा, दोघी मिळून लुगडी उन्हात घाला, आणि कुठलं कापायचं आणि कुठलं अख्खं ठेवायचं ते आईला निवडू दे. ती बोलत बसली तर बसू दे. कापताना कात्री तिच्या हातात दे. नाही म्हणाली तर तू काप, पण लुगडं तिला धरायला सांग, दोन्ही हातांनी, ताणून.